अमेरिकेतून गाडीने कॅनडात कायमचं शिफ्ट होताय? लँडिंगच्या आधी, त्या दिवशी आणि नंतर काय करायचं

एच-वन-बी वर्क व्हिसावर वर्षानुवर्षं काढली, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) अप्रूव्ह होऊन पडलंय, ग्रीन कार्डची रांग काही हलत नाही, म्हणून एक्सप्रेस एंट्री या कॅनडाच्या योजनेतून पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, काढला, अशी मराठी कुटुंबं माझ्या ओळखीत ढिगाने आहेत आणि त्यातली बरीचशी विमानाने न जाता सरळ स्वतःच्या गाडीत सामान भरून जातात. बरोबरच आहे, एडिसनवरून मिसिसागा आठ-नऊ तासांचा रस्ता, डेट्रॉइटवाल्यांना तर नदी ओलांडली की विंडसर, सिअॅटलवरून व्हँकुव्हर अर्ध्या दिवसात होतं.

बॉर्डरवरचं काम, म्हणजे लँडिंग (पीआर म्हणून पहिल्यांदा कॅनडात शिरून नोंद करणं), खरं तर तास-दोन तासांचं असतं. पण त्या दिवशी तुम्ही जे सांगता, जे लिहून देता आणि ज्याच्यावर सही करता ते पुढे कायम धरलं जातं. घरात कोण कोण आहे, सामान काय काय आहे, सोनं किती आहे, तुम्ही कॅनडाचे रहिवासी कुठल्या तारखेपासून झालात, सगळं त्याच दिवशी ठरतं. नंतर "अहो ते सांगायचं राहिलं" म्हणून भागत नाही, म्हणून तयारी आधी करा, बॉर्डरवर फक्त कागद पुढे करायचे.

तारीख ठरवण्याआधी

सीओपीआर म्हणजे पीआर मंजूर झाल्याचा कागद, त्याच्यावर एक्सपायरी छापलेली असते. ती बहुतेक वेळा मेडिकलला एक वर्ष किंवा पासपोर्टची एक्सपायरी यातली जी आधी येईल ती असते आणि ती वाढवून मिळेल असं धरून चालूच नका. आपल्या भारतीय पासपोर्टवर पीआर व्हिसाचा स्टिकरही लागतो, त्यासाठी पासपोर्ट पाठवावा लागतो आणि तेवढे दिवस तो हातात नसतो, त्यामुळे त्याच काळात एच-वन स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसा मारून घेणं) किंवा भारताचं तिकीट असलं काही ठरवू नका.

सीओपीआर हातात आला की आधी नावं वाचा. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, अमेरिकेच्या लायसन्सवर ते कधी असतं कधी नुसतं एक अक्षर असतं, गाडीच्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) आणखी तिसराच प्रकार असतो. सीओपीआर आणि पासपोर्ट अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. चूक दिसली तर सही करायच्या आधी ऑफिसरला दाखवायची, सहीनंतर दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यात खूप वेळ जातो.

दुसरं, आणि हे मी हात जोडून सांगतो. अर्ज केल्यानंतर आणि लँडिंगच्या आधी लग्न झालं असेल, घटस्फोट झाला असेल, मूल झालं असेल तर ते लँडिंग करायच्या आधीच इमिग्रेशनला कळवायचं. "आधी मी जाऊन येतो, बायकोचं नंतर बघू" असं म्हणून गप्प राहिलात तर न कळवलेल्या बायकोला किंवा मुलाला नंतर फॅमिली क्लासमध्ये स्पॉन्सर करण्यावर बंदी येऊ शकते. कुटुंब मोडायची वेळ येते यावरून. लँडिंगला दोन-चार महिने उशीर झाला तर होऊ दे पण हे लपवू नका. आणि मुख्य अर्जदार आधी किंवा सोबत गेला पाहिजे, बायको-मुलं त्याच्या आधी लँड करू शकत नाहीत.

नोकरी अमेरिकेतच ठेवून नुसतं लँडिंग करून परत यायचं असेल तरी चालतं. पीआर टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहायचं असतं, ते सलग असायला हवेत असं नाही. परत येताना एच-वनचा स्टॅम्प संपलेला असेल आणि आय-९४ (अमेरिकेत राहायची मुदत दाखवणारी नोंद) चालू असेल तर कॅनडात ३० दिवसांपर्यंत राहून ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनवर येता येतं, मात्र त्या मुक्कामात नवा व्हिसा अप्लाय केला की ती सोय गेली.

गाडीचे कागद सगळ्यात आधी सुरू करा

कारण सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो. लोक घर खाली करतात, सामान पॅक करतात आणि मग शेवटच्या आठवड्यात गाडीकडे बघतात.

आधी बघा की गाडी कॅनडात चालते का. ट्रान्सपोर्ट कॅनडाची एक यादी आहे, अमेरिकेत विकलेली कुठली मॉडेल्स आणता येतात, कुठली नाही आणि कुठल्या गाडीला काय बदल करावे लागतात ते त्यात असतं. दिवसा चालू राहणारे पुढचे दिवे, १ सप्टेंबर २००७ नंतर बनलेल्या गाड्यांना इमोबिलायझर, मुलांच्या सीटचे अँकर अशा गोष्टी त्यात येतात. यादीत "नाही" असेल तर विषय संपला, गाडी विका. १५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला पुढची आरआयव्हीची (बाहेरून आणलेल्या गाड्यांची नोंद करणारी कॅनडाची यंत्रणा) प्रोसेस लागत नाही पण एवढी जुनी गाडी न्यायची का हा विचार करा, गंज लागलेली असेल तर तिकडच्या सेफ्टी तपासणीतच भरपूर खर्च होईल.

मग टायटल. गाडीवर लोन असेल तर बँकेकडून लेखी परवानगी लागते आणि बँका त्याला सहज तयार होत नाहीत, माझं मत विचाराल तर लोन फेडून टाका. लीजची गाडी तर तुमची नाहीच त्यामुळे सेटलरच्या, म्हणजे स्थायिक व्हायला येणाऱ्याच्या, सामानात धरत नाहीत, ती परत करा. लोन संपलं तरी बऱ्याच राज्यांत टायटल इलेक्ट्रॉनिक असतं, कागदी टायटल मागवायला काही आठवडे जाऊ शकतात. टायटल बँकेच्या नावावरून सुटून तुमच्या हातात कागद येईपर्यंत निघायची तारीख पक्की करू नका.

कागद हातात आला की अमेरिकेच्या बाजूचं एक्सपोर्ट. हे खूप जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं बाहेर जाताना कोण विचारतंय. गाडी कायमची देशाबाहेर नेताना अमेरिकन कस्टम्सला किमान ७२ तास आधी टायटलसकट कागद द्यायचे असतात आणि त्याच्याही आधी ऑनलाइन एक्सपोर्ट नोंदणी करून आयटीएन नावाचा नंबर घ्यायचा असतो. तो नंबर बॉर्डरजवळचे ब्रोकर फी घेऊन काढून देतात आणि माझ्या मते ते पैसे वाचवण्यात अर्थ नाही. ज्या पुलावरून जाणार त्याच पोर्टच्या एक्सपोर्ट ऑफिसला फोन करून विचारा की कागद ईमेलने चालतात का, ऑफिस नेमकं कुठे आहे आणि किती वाजेपर्यंत उघडं असतं. पूल २४ तास चालू असला तरी हे ऑफिस तसं नसतं, शनिवारी पोचून टायटलवर शिक्का मागितला तर सोमवारपर्यंत मोटेलमध्ये बसावं लागेल.

तिसरा कागद रिकॉल क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीवर कुठलाही रिकॉल (दोषामुळे कंपनीने सांगितलेली दुरुस्ती) बाकी नाही असं कंपनीचं पत्र. गाडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन मागवायचं. रिकॉल बाकी असेल तर डीलरकडे तो अमेरिकेतच करून घ्या.

इन्शुरन्सवाल्याला दोन गोष्टी मागा: कॅनडात चालणारं नॉन-रेसिडेंट इन्शुरन्स कार्ड, ते मागितलं की देतात, आणि तुम्ही किती वर्षं पॉलिसी घेतली, किती क्लेम केले याचं लेटरहेडवरचं पत्र. ऑन्टारिओत, त्यातही ब्रॅम्प्टनच्या बाजूला, गाडीचा इन्शुरन्स इतका महाग आहे की या एका पत्राने हप्त्यात मोठा फरक पडतो. सोबत मोटर व्हेइकल ऑफिसमधून सगळ्या ड्रायव्हर्सचं ड्रायव्हिंग रेकॉर्डही काढून घ्या.

एवढं सगळं वेळेत जमत नसेल तर गाडी "मागून येणारं सामान" म्हणून यादीत लिहा, लँडिंग दुसऱ्या गाडीने करा आणि कागद पूर्ण झाले की ही नंतर आणा. पण अमेरिकन नंबर प्लेट तशीच ठेवून तिकडे फिरवत राहीन असं डोक्यात असेल तर काढून टाका, कॅनडाचा रहिवासी झाल्यावर तसं करता येत नाही.

सामानाची यादी, आणि सोनं

पहिल्यांदा स्थायिक व्हायला येणाऱ्याला आपलं घरातलं सामान ड्युटी आणि टॅक्स न भरता आणता येतं. अट अशी की ते तुमच्या मालकीचं, तुमच्या ताब्यात आणि येण्याआधी वापरलेलं असलं पाहिजे. म्हणजे "तिकडे महाग आहे" म्हणून निघायच्या आधी घेतलेला खोक्यातला टीव्ही यात बसत नाही. आणि सवलतीत आणलेली वस्तू पहिल्या वर्षात विकली किंवा कोणाला देऊन टाकली तर तिच्यावर ड्युटी भरावी लागते, गाडीसकट.

यासाठी बीएसएफ-१८६ नावाचा फॉर्म आहे. दोन याद्या करायच्या, एक आत्ता सोबत आणलेलं सामान आणि दुसरी मागून येणारं. प्रत्येक वस्तूसमोर अंदाजे किंमत कॅनेडियन डॉलरमध्ये, लॅपटॉप-टीव्ही-कॅमेरा असेल तर मेक, मॉडेल, सिरीयल नंबर. चमचे मोजायची गरज नाही, "स्वयंपाकघरातली भांडी, ३ खोके" चालतं. दोन-दोन प्रिंट घ्या.

मागून येणाऱ्या सामानाची यादी लोक फक्त अमेरिकेतल्या सामानापुरती करतात. भारतात तुमचं काय आहे ते आठवा. पुण्याच्या किंवा नाशिकच्या बँक लॉकरमध्ये पाटल्या, तोडे, ठुशी, लग्नातलं मंगळसूत्र, बाळाच्या बारशाचे वाळे पडलेले असतात आणि चार वर्षांनी भावाच्या लग्नाला गेल्यावर ते घेऊन यावंसं वाटतं. यादीत नाव नसेल तर टोरोंटो एअरपोर्टवर ते नवीन आणलेलं सोनं ठरू शकतं आणि ते आधीपासून तुमचंच होतं हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून घरच्यांना लॉकर उघडायला सांगा, प्रत्येक दागिन्याचा वेगळा फोटो, सोबत वजन, जमलं तर सराफाकडून किमतीचं पत्र. यादीत "सोन्याच्या बांगड्या" एवढंच लिहू नका. "२२ कॅरेट, पाटल्या, २ नग, एकूण ४० ग्रॅम, फोटो क्रमांक ७" असं लिहा. सासूबाई पुढे कधीतरी देणार आहेत ते मात्र यात लिहायचं नाही, ते आज तुमचं नाही. यादीवर शिक्का मारून मिळालेली प्रत स्कॅन करून ठेवा, ती वर्षानुवर्षं लागते.

रोख रक्कम, ट्रॅव्हलर्स चेक, ड्राफ्ट मिळून १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त असेल तर कॅनडाला सांगायचं आणि १०,००० अमेरिकन डॉलरच्या वर नेत असाल तर निघताना अमेरिकेलाही वेगळा फॉर्म द्यायचा. नेण्यावर बंदी नाही, न सांगितलं तर जप्त होतं. सरळ बँकेतून ट्रान्सफर करा ना, कशाला डोक्याला ताप.

गाडीत काय नको ते पण बघून घ्या. पर्समध्ये किंवा किल्लीच्या जुडग्याला लावलेला पेपर स्प्रे, हा अमेरिकेत कॉलेजच्या मुलींपासून सगळ्यांकडे असतो, कॅनडात माणसावर वापरायचा पेपर स्प्रे हे बंदी असलेलं हत्यार धरतात. ग्लोव्ह बॉक्स आणि सीटखाली नीट बघा. गांजा कॅनडात आणि तुमच्या अमेरिकन राज्यात कायदेशीर असला तरी बॉर्डरवरून नेणं गुन्हा आहे. तूप, पनीर, खवा, मांसाचं काही, तुळशीची कुंडी, बियाणं, जे काही असेल ते विचारलं की सांगायचं, फार तर ठेवून घेतील. लोणची-मसाले-भाजणीचे डबे एका खोक्यात वर ठेवा म्हणजे दाखवायला सोपं. औषधं मूळ बाटलीत आणि प्रिस्क्रिप्शनसकट, कुत्रा-मांजर असेल तर रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट.

कुठला पूल

बफेलोच्या बाजूने पीस ब्रिज किंवा लुइस्टन-क्वीन्स्टन घ्या. नायगाराचा रेनबो ब्रिज दिसायला सुंदर आहे पण तिथे पर्यटकांची गर्दी असते आणि ट्रक चालत नाहीत. डेट्रॉइटला टनेलपेक्षा अॅम्बेसेडर ब्रिज बरा, सामान भरलेल्या गाडीने टनेल नकोच. सिअॅटलवाल्यांना पीस आर्च जवळचा वाटतो, ट्रक किंवा ट्रेलर असेल तर शेजारचा पॅसिफिक हायवे क्रॉसिंग बघा. भाड्याचा ट्रक घेणार असाल तर बुक करतानाच सांगा की तो कॅनडात सोडायचाय. मंगळवार ते गुरुवार, सकाळी पोचा. लाँग वीकेंड, थँक्सगिव्हिंग टाळा.

त्या दिवशी

मूळ कागद ड्रायव्हरच्या हाताशी, सुटकेसमध्ये नाही. पासपोर्ट, सीओपीआर, लग्नाचं आणि मुलांचं बर्थ सर्टिफिकेट, बँक स्टेटमेंट, याद्या, गाडीची फाइल. आधी अमेरिकेच्या एक्सपोर्ट ऑफिसला थांबून टायटलवर शिक्का घ्या, मग पूल.

कॅनडाच्या बूथवर पहिलंच वाक्य: आम्ही पर्मनंट रेसिडेंट म्हणून लँड करायला आलोय, सोबत घरचं सामान आहे आणि ही गाडी इम्पोर्ट करायचीय. तो गाडी बाजूला लावून आत जायला सांगेल. आत इमिग्रेशनचा काउंटर, विचारतात ते साधं असतं, कुठे राहणार, पैसे किती, कधी गुन्हा, कधी कुठल्या देशाने परत पाठवलंय का, सोबत न आलेलं कुटुंबातलं कोणी आहे का. एक्सप्रेस एंट्रीच्या ज्या प्रकाराला सेटलमेंट फंड लागतात त्यांच्याकडे पैशाचा पुरावा मागू शकतात. पत्ता नक्की द्या कारण पीआर कार्ड पोस्टाने येतं, अजून घर नसेल तर मित्राचा पत्ता त्याला विचारून द्या, आणि काही कारणाने तेव्हा दिला नाही तर १८० दिवसांच्या आत कळवायचा. सही करायच्या आधी पुन्हा एकदा नाव, जन्मतारीख.

मग कस्टम्स. याद्या द्या, शिक्का मारलेली प्रत परत घ्या. गाडीसाठी ते फॉर्म १ भरून शिक्का मारून देतात, तो हरवू नका. सामान उघडायला सांगितलं तर शांतपणे उघडा. मुलांना काहीतरी खायला द्या, कंटाळतात.

पोचल्यावर पहिला महिना

एसआयएन नंबर (नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा सरकारी क्रमांक) सर्व्हिस कॅनडा या सरकारी ऑफिसमध्ये फुकट मिळतो, त्याच आठवड्यात काढा, त्याच्याशिवाय पगार चालू होत नाही. ऑन्टारिओत ओएचआयपीचा (सरकारी आरोग्य विम्याचा) तीन महिने थांबायचा नियम २०२० मध्ये काढला त्यामुळे लगेच अर्ज करा. ब्रिटिश कोलंबियात मात्र आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्या काळाचा खासगी इन्शुरन्स आधीच घ्या, हे टाळू नका. मुलांसाठी चाइल्ड बेनिफिटचा अर्ज करा, कॅनडात येण्याआधीच्या उत्पन्नाचा तपशील मागतात म्हणून डब्ल्यू-२ (अमेरिकेतल्या पगाराचा वार्षिक टॅक्स फॉर्म) हाताशी ठेवा. शाळेला लसीकरणाचं रेकॉर्ड लागतं.

गाडीचं घड्याळ बॉर्डरपासूनच चालू झालेलं असतं. आरआयव्हीची फी भरायची, साधारण ३२५ डॉलर अधिक टॅक्स, रिकॉलचं पत्र पाठवायचं, मग ते तपासणीचा फॉर्म पाठवतात, तो घेऊन कॅनेडियन टायरसारख्या ठिकाणी गाडी दाखवायची, हे सगळं ४५ दिवसांत. ऑन्टारिओत रजिस्टर करायला याच्यावर वेगळं सेफ्टी सर्टिफिकेट लागतं आणि तिथे नव्या रहिवाशाला गाडी रजिस्टर करायला ३० दिवस, लायसन्स बदलायला ६० दिवस मिळतात. अमेरिकेचं लायसन्स आणि दोन वर्षांचा अनुभव दाखवला की रोड टेस्टशिवाय पूर्ण जी (गाडीचं कायमचं) लायसन्स मिळतं. हिवाळ्यात येत असाल तर विंटर टायर लावून टाका.

ओळखी व्हायला मंडळाच्या कार्यक्रमाला जा. टोरोंटोचं मराठी भाषिक मंडळ जुनं आहे, घर कुठे घ्यावं ते भाजणी कुठे मिळते सगळं तिथे कळतं.

मागे राहिलेली कामं

कॅनडाचे रहिवासी झाल्यापासून तुमचं जगभरातलं उत्पन्न कॅनडाच्या टॅक्समध्ये येतं, म्हणजे ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, म्युच्युअल फंड सगळं. पण यात एक फायद्याची गोष्ट आहे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या बहुतेक मालमत्तेची खरेदी किंमत म्हणून कॅनडा रहिवासी झालात त्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरतो. वीस लाखाला घेतलेला फ्लॅट त्या दिवशी ऐंशी लाखाचा असेल तर कॅनडासाठी मधला नफा तुमच्या खात्यात येत नाही. म्हणून त्याच तारखेचं फ्लॅटचं व्हॅल्युएशन करून घ्या आणि शेअर्स-फंडांचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. पुढे विकताना हा कागद शोधायला गेलात तर मिळणार नाही.

४०१-के (कंपनीतलं रिटायरमेंट खातं) तिथेच राहू दे, घाईत काढू नका. रॉथ आयआरए (स्वतःचं रिटायरमेंट खातं) असेल तर कॅनडाचे झाल्यावर त्यात एक डॉलरही टाकायचा नाही आणि पहिल्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीत त्याचं इलेक्शन (टॅक्समध्ये ते खातं कसं धरायचं याचा लेखी पर्याय) कॅनडात फाइल करायचं. परदेशी मालमत्ता १ लाख डॉलरच्या वर असल्यास भरायचा टी-११३५ फॉर्म पहिल्या वर्षी लागत नाही, दुसऱ्या वर्षापासून लागतो आणि दंड मोठा आहे. त्या वर्षी अमेरिकेचं रिटर्न ड्युअल स्टेटस (वर्षाचा काही भाग रहिवासी, काही भाग नाही) होतं, दोन्ही देशांचं करणारा सीए शोधा. अमेरिकेचं एक बँक खातं, एक क्रेडिट कार्ड आणि जुना मोबाइल नंबर चालू ठेवा, नाहीतर सगळे ओटीपी अडकतात.

एच-वनचं एवढं लक्षात ठेवा. आय-१४० अप्रूव्ह होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने नंतर मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) राहते, आणि एच-वनच्या सहा वर्षांच्या मुदतीतले शिल्लक दिवसही नंतर वापरता येतात. पण सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलर फी लावली, त्यामुळे "नाही जमलं तर येऊ परत" हे पूर्वीसारखं सोपं धरू नका.

आणि पीआर कार्ड हातात येईपर्यंत भारताचं तिकीट काढू नका. खासगी गाडीने अमेरिकेतून परत येताना पासपोर्ट आणि सीओपीआर दाखवून येता येतं, पण विमान, बस किंवा ट्रेनने यायचं तर पीआर कार्डच लागतं. गणपतीला म्हणून गेलात आणि कार्ड नसेल तर मुंबईला एअरलाइन बसूच देणार नाही, मग तिथून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज करायचा आणि ते येईपर्यंत रजा वाढवत बसायचं. घरी काही अडचण आली आणि निघावंच लागलं तर पीआर कार्डाची अर्जंट प्रोसेसिंग मागता येते, त्यासाठी तिकीट आणि डॉक्टरांचं पत्र जोडायचं, आणि निघायच्या आधी भारतातून ते ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढायला काय काय लागतं ते वाचून सीओपीआरची मूळ प्रत सोबत घ्यायची.